कडेची अक्षरं

कादंबरीआजींना आयुष्यात एकाही कादंबरीचं नाव सांगता आलं नाही. आणि वाचल्या म्हणाल तर ढीगभर. त्यातही सगळ्या प्रेमाच्या. गल्लीतल्या मुलांनी त्यांचं नाव कादंबरीआजी पाडलं ते काही उगीच नाही.

नावं माहीत नसायला कारण होतं. पुस्तकं त्यांच्या हातात यायची तीच मुळी फाटकी. आजींनी उभा जन्म बाइंडिंगच्या कारखान्यात काढला. वाचनालयाची पुस्तकं खिळखिळी झाली की तिथे यायची, आणि आल्या आल्या पहिलं काम म्हणजे जुना पुठ्ठा सोलून टाकायचा. पुठ्ठा गेला की नाव गेलं, लिहिणाराही गेला. मागे राहायचे ते फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, आणि त्या घड्यांत अडकलेली माणसं. आजी त्या घड्या सुईदोऱ्यानं एकमेकींना शिवायच्या आणि शिवता शिवता वाचायच्या. त्यामुळे त्यांच्याकडे कादंबऱ्यांना घरगुती नावं होती. एक तापवाली, एक बंदरावरची, एक दोघी बहिणींची.

तापवालीतल्या नायकावर त्यांचा फार राग. "मेल्याला ताप आल्याशिवाय प्रेमच आठवत नाही. अंग तापलं की 'तूच माझी', अंग निवलं की चालला कोर्टात. ती बिचारी बसली कपाळावर ओल्या घड्या ठेवत. असल्याला काढा पाजावा आणि दाराला कडी लावावी."

बंदरावरचीतली बाई वर्षानुवर्षं धक्क्यावर उभी राहून जहाजाची वाट बघते. "आता मला सांगा, ही तिकडे उभी, मग घरातली भांडी कोण घासत होतं? लिहिणाऱ्यानं एकदा तरी तिला भांडी घासताना दाखवावं की नाही?" असं म्हणायच्या खऱ्या, पण ती शिवताना त्या इतक्या रडल्या होत्या की खळीच्या वाटीत पाणी झालं आणि शेजारच्या बाईला खळ पुन्हा शिजवावी लागली.

दोघी बहिणींचीत थोरली आपला माणूस धाकटीला देऊन टाकते आणि खिडकीत उभी राहून हसते. ते वाचून त्यांनी सुई खाली ठेवली होती. "तो माणूस आहे की छत्री? तू घेऊन जा, मी भिजते म्हणायला?"

आणखी एक गोष्ट त्या सांगत. पुस्तकाचा दोरा कुठे तुटलाय ते बघितलं की गावातल्या बायका कुठे थांबल्या ते कळतं. दोघं पहिल्यांदा भेटतात ती घडी नेहमी लोंबत असायची, कडा मऊ पडलेल्या, कुठे हळदीचं बोट, कुठे चहाचा गोल डाग. ताटातुटीची घडी मात्र कोरी करकरीत. "कुणाला वाचवत नाही हो. सगळ्या भराभर उलटतात. देवानं दिलेलं आपापलं दुःख असतंच की घरी."

हे सगळं ऐकायला घरात एकच हक्काचं माणूस होतं, ते म्हणजे आजोबा. तेही त्याच कारखान्यातले. कापायच्या मशीनवर होते. पुस्तक शिवून झालं की त्याच्या तिन्ही कडा मशीनखाली धरून साफ करायच्या, हे त्यांचं काम. सगळे त्यांना कटर म्हणत. अजूनही कुणी जुनं भेटलं तर "काय कटर?" असंच विचारतं. माणूस देवमाणूस, पण बोलणं असं की प्रत्येक वाक्याची कड आधी कापून ठेवलेली.

"अहो, त्या कादंबरीतल्या घड्याळजीनं बघा, तिच्यासाठी काय काय केलं," आजी म्हणायच्या.

"त्याला काम नसेल."

"तुम्ही कधी एक शब्द बोललात का हो मला?"

"आत्ता काय करतोय?"

झालं. संवाद संपला.

आजींच्या मनात एक गोष्ट मात्र लग्नापासून रुतलेली होती. मागणी घालायला आजोबा स्वतः आलेच नव्हते. बहिणीला पाठवलं. आणि ती बहीण आजींच्या मावशीच्या ओसरीवर बसून काय म्हणाली, तर, "आमच्या दादाला तुमच्या मुलीची शिलाई आवडते." शिलाई! तापवालीतल्या वकिलानंसुद्धा निदान डोळे तरी म्हटले होते. जिनं शेकडो प्रेमकथा स्वतःच्या हातानं शिवल्या, तिची स्वतःची गोष्ट शिलाईवर सुरू झाली. आजोबांनी आपल्याला निवडलं, की कामाला बरी, शेजारच्या टेबलावरची, म्हणून पदरात पडलो? पोरं झाली, नातवंडं झाली, गुडघे गेले, तरी हा काटा काही निघाला नव्हता. कुणाला सांगायची सोय नाही, हसतील सगळे. देवापुढे हात जोडताना तेवढं ओठांवर यायचं आणि त्या गिळून टाकायच्या. एवढ्याशा गोष्टीसाठी देवाला त्रास द्यायचा नाही, असा त्यांचा नेम होता.

अशात एक दिवस सूनबाई ऑफिसातून आली ती चप्पल काढता काढताच म्हणाली, "आई, तुमचं ते जुनं वाचनालय बंद होतंय. शनिवारी रद्दीवाला येणार, सगळी पुस्तकं वजनावर. त्याआधी ज्याला जे हवं ते घेऊन जा म्हणतायत."

आजींच्या हातातल्या गाळणीतला चहा कपाबाहेर गेला.

"कपाटापाशी जाऊ देतायत?"

"हो, सगळं उघडंच आहे."

"मग मला घेऊन चल. मला घड्याळजी आणायचाय."

सूनबाई सासऱ्यांकडे बघून हसली. "बाबा, ऐकलंत का? घरात दुसरा माणूस येतोय."

"येऊ दे," आजोबा म्हणाले. "घड्याळ बंदच आहे आपलं."

घड्याळजीची कादंबरी म्हणजे आजींच्या आयुष्यातलं एक वेगळंच प्रकरण. ते समजायला थोडं मागं जावं लागेल. तेव्हा त्या आजी नव्हत्या, साधी एक मुलगी होती, दोन वेण्यांची. आईवडील नव्हते. भाऊ दुसऱ्या गावी नोकरीला, तिथे त्याला घर मिळेपर्यंत ही मावशीकडे. वाचनालयाचं प्रेमकथांचं एक अख्खं कपाट बाइंडिंगला आलं होतं आणि कारखान्याला हात कमी पडत होते, म्हणून मावशीनं तिला तिथे चिकटवून दिलं. काम तेवढ्यापुरतंच. कपाट संपलं की हिचंही काम संपलं.

लांब टेबलावर बायका बसायच्या. प्रत्येकीच्या वाट्याला येतील ते फर्मे. एकीला सुरुवात मिळायची, एकीला भांडण, एकीला लग्न. डबे उघडले की सगळ्या मिळून गोष्ट जुळवायच्या. "अगं, माझ्यात तो तिला सोडून गेलाय." "छे, माझ्यात तर दोघं बागेत बसलेत." "तू मागचं बोलतेस, मी पुढचं." हसून हसून ठसका लागायचा. पलीकडे मशीनजवळ, पाठ करून, कटर आपला डबा खायचा. त्याचं म्हणून कुणी बोलणं ऐकलं असेल तर ते नव्या पोरांना शिकवतानाच. पात्यामागे एक आडवा ठोकळा असतो. पुस्तकाची पाठ त्याला टेकवायची आणि मग पातं खाली घ्यायचं. "ठोकळा आधी हलवून बघा," तो प्रत्येकाला सांगायचा. "सैल असला तर एका बाजूनं सरकतो आणि पुस्तक तिरकं कापलं जातं. वर कमी, खाली जास्त. मग रडत बसू नका."

कपाट संपत आलं. शेवटची राहिली ती घड्याळजीची. गल्लीतला घड्याळ दुरुस्त करणारा एक मुकाट माणूस, आणि समोरच्या शाळेतली बाई, जी एकच चांगलं चालणारं घड्याळ पुन्हा पुन्हा दुरुस्तीला घेऊन येते. तो प्रत्येक वेळी ते उघडतो, पुसतो, बंद करून परत देतो. बोलत कुणीच नाही. हिनं ती एकटीनं शिवली, पहिल्या घडीपासून शेवटच्या घडीपर्यंत, कारण बाकीच्या बायका दुसऱ्या कामाला लागल्या होत्या. शेवटची गाठ मारली आणि डब्याच्या सुट्टीत ती म्हणाली, "चला, झालं माझं. हे कापून पुठ्ठा चढला की मी मोकळी. परवा भाऊ न्यायला येतोय."

"अगं, मग आम्हाला शेवट कोण सांगणार?" बायका हळहळल्या.

जेवणं झाली. पुस्तक मशीनवर गेलं. आणि ज्या कटरच्या हातून आजवर केसभरही जास्त गेलं नव्हतं, त्यानं ते पुस्तक असं कापलं की समासाबरोबर ओळींची टोकंही गेली. उजव्या पानांवर ओळींची शेवटची अक्षरं गायब, डाव्या पानांवर पहिली. मशीनखाली अक्षरांची झालर पडली होती.

मालक धावत आले. "अरे, पुस्तक कापलंस की कोथिंबीर? वाचनालयाला आता तोंड कसं दाखवू? जा, उद्यापासून येऊ नकोस."

कटर मान खाली घालून उभा. "ठोकळा सैल होता," एवढंच म्हणाला.

तिला काय वाटलं कोण जाणे, ती उठून उभी राहिली. "मालक, कडेला कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या तर? गेलेली अक्षरं मी लिहून काढीन. मी हे पुस्तक अख्खं वाचलंय."

मालकांनी एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "किती दिवस लागतील?"

"लागतील तेवढे."

मावशीनं भावाला कळवलं, आत्ता येऊ नकोस, पोरगी कामात अडकलीय.

मग रोज काम संपलं की खिडकीपाशी दोघं बसायची. तो प्रत्येक पानाच्या कडेला बोटभर रुंदीची पट्टी लावायचा. ती सुकली की हिनं बारीक अक्षरात ओळ पुरी करायची. पुष्कळदा कळायचं. 'आका' असेल तर पुढे 'श' येणारच. पण कधी अख्खा शब्द गेलेला असायचा, आणि आठवायचा नाही. मग तिला वाटेल तो शब्द ती घालायची. आणि तिला जरा भरजरीच वाटायचं. डोळे असतील तिथे 'कमल' आलंच. तो काही बोलायचा नाही. एकदाच बोलला. शेवटच्या पानावर घड्याळजी पहिल्यांदा तोंड उघडतो आणि त्या बाईला म्हणतो, 'तू आली नाहीस की मला इथं', आणि पुढचा शब्द मशीननं खाल्लेला. खालची ओळ 'नाही' नं सुरू.

"'जगवत' असणार," ती पेन टेकवत म्हणाली. "मला इथं जगवत नाही."

"करमत," तो म्हणाला. खळीचा ब्रश तसाच हातात.

"काय?"

"करमत लिहा. जगवत नाही म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसायचं, हे काही खरं नाही. करमत नाही, हे खरं."

"अहो, प्रेमाची गोष्ट आहे ही! करमत काय? करमत तर म्हाताऱ्या माणसांनासुद्धा नाही."

"तुम्हाला वाटेल ते लिहा मग."

पण अख्ख्या पुस्तकात त्यानं मागितलेला तो एकच शब्द. तिनं 'करमत' लिहिलं. पुस्तक पुरं झालं, पुठ्ठा चढला, वाचनालयात गेलं. मालकांनी तिची चिकाटी पाहून तिला कायमचं ठेवून घेतलं. भाऊ आला तो तिला भेटून गेला. आणि काही दिवसांनी ती बहीण ओसरीवर येऊन बसली, शिलाईचं सांगायला.

त्यानंतर ते पुस्तक आजींना कधीच दिसलं नाही. वाचनालयाची पद्धत अशी, की कपाटं आत, कठडा मध्ये, आणि आपण बाहेर. नाव सांगायचं, मग आतून पुस्तक यायचं. आजींना नावच ठाऊक नाही. "घड्याळजीची द्या," म्हटलं की ग्रंथपाल म्हणायचे, "अशी नाही आपल्याकडे." एकदोनदा हसं झालं, मग त्यांनी विचारणं सोडलं. पण खिडकीपाशी बसलेले ते आठवडे मात्र त्यांनी कधी सोडले नाहीत. आयुष्यात कादंबरीसारखं काही घडलं असेल तर तेवढंच, तेही एका सैल ठोकळ्याच्या कृपेनं. ते पुस्तक रद्दीत गेलं तर तेवढंही जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी सूनबाईबरोबर त्या वाचनालयात गेल्या. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कठड्याच्या आत पाऊल पडलं. आत ग्रंथपालबाई होत्या, तरुण, डोक्याला रुमाल बांधून धूळ झटकत.

"कुठलं शोधताय, आजी?"

"नाव नाही माहीत."

"लेखक?"

"तोही नाही. पण मी काढते हुडकून."

प्रेमकथांचं कपाट तसंच होतं, काचेला तडा गेलेलं. आजींनी एकेक पुस्तक उलटं करून पाठ आत, तोंड बाहेर असं ठेवायला सुरुवात केली.

"आजी, नाव या बाजूला असतं हो," ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या.

"नाव तुम्ही बघा. मी तोंड बघते."

पट्ट्या लावलेलं पुस्तक कडेनं जाड होतं, तोंडाकडे फुगतं. शिवणारीच्या बोटांना ते अंधारातही कळेल. बोट फिरत फिरत तिसऱ्या फळीवर आलं आणि थांबलं. गालफुगी झाल्यासारखं एक पुस्तक. आजींनी ते काढलं आणि कपाळाला लावलं. पुठ्ठ्यावर नाव होतं, ते त्यांनी वाचलंसुद्धा नाही.

घरी आल्या तेव्हा आजोबा उन्हात खुर्ची टाकून बसले होते. सूनबाई चहा टाकायला आत गेली. आजी समोर बसल्या, पुस्तक मांडीवर घेतलं. आतली पानं पिवळी पडली होती, पट्ट्या मात्र त्याहून पांढऱ्या. कडेला त्यांचं स्वतःचं कोवळं अक्षर, ओळीओळीला शेपूट लावल्यासारखं. कमल, चांदणं, व्याकूळ. वाचून त्यांचं त्यांनाच हसू आलं. घड्याळजी प्रत्येक ओळीत अर्धा लिहिणाऱ्याचा आणि अर्धा त्यांचा होता.

सवयीनं त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला, वरून खाली. मग पान उलटून पुन्हा फिरवला. मग चष्मा काढून पुसला, घातला आणि पुस्तक डोळ्यांजवळ नेलं.

पट्टी वर बोटभर होती. खालीही बोटभरच. प्रत्येक पानावर. सुतानं आखल्यासारखी सरळ.

तेव्हा ती नवी होती, अक्षरांच्या मागे होती, मशीनचं तिला काय कळत होतं? पण त्यानंतर तिनं त्या मशीनशेजारी जन्म काढला होता. ठोकळा सैल असला तर वर कमी, खाली जास्त. हे तर त्या माणसानं प्रत्येक नव्या पोराला घोकवलं होतं.

"अहो."

"हं."

"ही पट्टी बघा."

आजोबांनी पुस्तक हातात घेतलं. बघितलं. बराच वेळ बघितलं. "चांगली चिकटलीय," म्हणाले.

"वर जेवढी, तेवढीच खाली आहे."

"हं."

"ठोकळा सैल असता तर तिरकं गेलं असतं ना?"

आजोबा अंगणातल्या दोरीवरच्या कपड्यांकडे बघू लागले. "मशीन जुनं होतं," ते म्हणाले.

"जुनं मशीन सरळ कापतं?"

आजोबांनी खुर्ची जरा सावलीकडे सरकवली.

"परवा भाऊ येतोय, मी चालले, असं मी डब्याच्या वेळी म्हणाले. तुम्ही पाठ करून जेवत होतात. आणि जेवण झाल्याबरोबर तुम्ही पुस्तक घेतलंत." आजी जरा पुढे सरकल्या. "मालकानं खरंच काढून टाकलं असतं तर? आणि मी उठलेच नसते तर? पट्ट्यांचं माझ्या डोक्यात आलंच नसतं तर?"

"आलं ना पण," आजोबा म्हणाले. पुढे काही म्हणतील असं वाटलं, पण त्यांनी पुस्तकाची कड अंगठ्यानं दाबून बघितली, जसं ते कारखान्यात बघायचे. आणि कान लाल झाले होते, या वयात.

आजींनी पुस्तक परत घेतलं. शेवटचं पान काढलं. 'तू आली नाहीस की मला इथं', आणि पुढे पट्टीवर, त्यांच्याच अक्षरात, त्यांना मुळीच न आवडलेला शब्द. त्यांनी मनातल्या मनात देवाला नमस्कार केला. मागितलं नव्हतं तरी त्यानं ऐकलं होतं, आणि उगीच घाई केली नव्हती.

सूनबाई चहा घेऊन बाहेर आली. दोघंही इतकी गप्प बघून म्हणाली, "काय झालं? भांडलात की काय पुन्हा?"

"काही नाही गं," आजी डोळ्याला पदर लावत म्हणाल्या. मग कप हातात घेऊन आजोबांकडे न बघता पुटपुटल्या, "शिलाई आवडते म्हणे."

आजोबांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

"तीही आवडायची," ते म्हणाले.